बोडीवर चंद्र नाही

मुक्काम गडचिरोली, एस.टी. स्टँडसमोरची चहाची टपरी
शनिवार, ऊन उतरताना

तीर्थरूप इसरू मामा यांस भाचा झाडूचा पायाला हात लावून सेवा जोहार. मामीलाही जोहार. तुमचा गुडघा, मामीचा दमा, दारातली शेळी आणि दीपिकाची तब्येत (आठवा महिना आहे, तिला विहिरीवर पाठवू नका) सगळं ठीक असेल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पण आज दुपारपासून तुमच्या घरात काहीच ठीक नसणार हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच हे पत्र. आधी पुढचं एक वाक्य वाचा, मग चष्मा पुसा, मग बाकीचं वाचा. तुमचे जावई जिवंत आहेत. माझ्यासमोर बाकावर बसून तिसरा समोसा खाऊन राह्यले. अंगावर दुसऱ्याची लुंगी आहे आणि एका पायात बूट नाही, पण बाकी माणूस पूर्ण आहे.

हे फोनवर काऊन नाई सांगितलं, असं तुम्ही म्हणाल. सांगितलं ना! आपल्या सरांनी (घरात सगळेच जावयाला सर म्हणतात, तुम्हीसुद्धा म्हणता, म्हणून मीही) दुपारी स्वतः तुमच्या शेजारच्या सोनीबाईच्या नंबरावर फोन लावला. तिच्याकडं तोवर चंद्रपूरच्या कॉलेजातून सर गेल्याचा निरोप येऊन पडलेला होता. सर सरळ माणूस, फोनवर आधी आपलं नाव सांगतात. म्हणाले, "हॅलो, मी वारलू." आपल्या झाडीपट्टीत वारलू हे चांगलं, घरोघरचं नाव आहे, पण सोनीबाईनं ऐकलं "हॅलो, मी वारलो." आता मेलेला माणूस जातीनं फोन करून कळवतो म्हटल्यावर ती बिचारी काय करणार? एक किंकाळी ऐकू आली, रिसीव्हर पडल्याचा आवाज आला, आणि तेव्हापासून तो नंबर एंगेज आहे. म्हणून आता माझा फोनवरून विश्वास उडाला. कागदावर निदान काना-मात्रा दिसतो. (पत्र शुद्ध लिही, असं सर सांगून राह्यले. जमेल तितकं लिहितो. बारावीत मराठीतच दोनदा गेलो होतो हे तुम्हाला माहीत आहे.)

सगळा घोळ एका शब्दाचा आहे, मामा. तो शब्द बोडी. ब-ला काना आणि वर मात्रा. वर चंद्र नाही. हे नीट पाहून घ्या, चंद्र कुठंच नाही. चंद्र तिकडं चंद्रपुरातच राहू द्या.

आता पहिल्यापासून सांगतो. मी गेल्या आठवड्यात नागभीडहून परत आलो. तिथं नाटक कंपनीत पडदा ओढायचं काम होतं, ते सुटलं. (शेवटच्या अंकात राजा मेला की पडदा पाडायचा होता. मला समोरच्या गर्दीत भज्यांचं दुकान दिसलं, लक्ष गेलं, आणि राजा मरायच्या आधीच पडदा पाडला. राजा बिचारा पडद्यामागं एकटाच मेला, लोकांना कळलंच नाही. मालक म्हणाला, तुले जित्या-मेल्यातला फरक कळत नाई, जाय घरी. तेव्हा राग आला होता. आज वाटते, मालक फार पुढचं बोलला.) तर परत आलो तो चंद्रपुरात सरांकडं उतरलो. दीपिका तुमच्याकडं बाळंतपणाला आलेली, सर एकटेच भात करपवून खात होते, आणि तोंडावर अशी काळजी की मला वाटलं भाताचीच असेल.

पण काळजी सोमवारची होती. सोमवारी त्यांच्या कॉलेजात वरिष्ठ श्रेणीची समिती बसते. तुम्ही सगळ्या कॉलनीत सांगून ठेवलं आहे की आमचे जावई रीडर होणार, आणि लोक येऊन तुम्हाला लाइटाच्या मीटराबद्दल विचारतात, ते मी ऐकलं. पण रीडर व्हायच्या आधी वरिष्ठ श्रेणी लागते, आणि तिच्यासाठी मास्तरांनाच पुन्हा शाळेत जावं लागते. त्याला रिफ्रेशर कोर्स म्हणतात. (मी इतके दिवस समजत होतो की ते थंड प्यायचं काहीतरी असते.) सर दोन वर्षांपूर्वी नागपूरला त्या कोर्सला गेले आणि मध्येच हिवताप घेऊन परत आले. अर्धा कोर्स म्हणजे शून्य कोर्स. शेवटी प्राचार्य म्हणाले, कोडापे, राज्यस्तरीय चर्चासत्रात एक तरी पेपर वाचा, सर्टिफिकेट हातात घेऊन या, मग मी समितीपुढं तोंड उघडतो. नाहीतर पुढची समिती केव्हा बसेल ते मलाही माहीत नाही. असं चर्चासत्र एकच उरलं होतं, आज आणि उद्या, गडचिरोलीला. सरांचा पेपर आज बाराला. मामा, सर रात्रभर अंथरुणात बसून तो पेपर पुटपुटत होते. मी कूस बदलली की थांबायचे, जसं काही मी अध्यक्ष आहे.

सकाळची एस.टी. चुकली. चूक माझी नाही. सरांच्या पारदर्शिका घरी राहिल्या. पारदर्शिका म्हणजे काचेसारखे प्लास्टिकचे कागद, त्यावर पेनानं लिहायचं आणि एका दिव्याच्या मशिनीवर ठेवायचं, की भिंतीवर हातहात अक्षर उमटते. त्या घ्यायला परत फिरलो, स्टँडवर आलो, तर बस गेलेली. सर खांबाला टेकले आणि रिकाम्या फलाटाकडं पाहत पेपर पुटपुटायला लागले. मला ते पाहवलं नाही, म्हणून मी एक गाडी आणली. (कोणाची, ते महत्त्वाचं नाही. सरांनाही एवढंच सांगितलं की एका भल्या माणसाची आहे, आणि ते खोटं नाही.)

मूल गावापर्यंत सगळं सुरळीत होतं. सर शेजारी बसून पेपर मोठ्यानं वाचत होते. विषय असा की झाडीतला शब्द शहरातल्या माणसाच्या कानात गेला की त्याचा अर्थ कसा बदलतो. वाचायला दहा मिनिटं मिळतात, आणि आठव्या मिनिटाला अध्यक्ष घंटी वाजवतो. सरांना त्या घंटीची फार धास्ती. घंटी वाजली की त्यांची जीभच लुळी पडते. म्हणून म्हणाले, झाडू, तू अध्यक्ष हो. आठ मिनिटं झाली की हॉर्न वाजव, मला सवय होऊ दे. जिंदगीत पहिल्यांदा कोणी मला अध्यक्ष केलं होतं. मी एक डोळा रस्त्यावर ठेवला आणि एक घड्याळावर.

मूल सोडल्यावर मी गाडी जरा आतल्या रस्त्याला घातली. तिकडून जवळ पडते. (आणि त्या गावात मुखरूकडं माझी ढोलकी राहिलेली आहे, तेही खरं. मुखरू म्हणजे कंपनीतला पेटीवाला. पण ढोलकीसाठीच वळलो असं सरांना वाटते, ते बरोबर नाही.) रस्ता बोडीच्या पारावरून, म्हणजे त्या छोट्या तळ्याच्या बांधावरून जातो. एका बाजूला कापलेलं धान, दुसऱ्या बाजूला पाणी, पाण्यावर शिंगाड्याचे वेल, आणि पारावर म्हशी रवंथ करत बसलेल्या. मी गाडी अगदी हळू, म्हशींना कळू न देता काढून राह्यलो होतो. तेवढ्यात आठ मिनिटं झाली. मी इमानदारीनं हॉर्न वाजवला. लांब वाजवला, अध्यक्षासारखा. सगळ्या म्हशी एकदम उठल्या, मी स्टेअरिंग फिरवलं, आणि आम्ही पेपरासकट बोडीत.

पाणी कमरेइतकंच होतं, घाबरू नका. पण खाली गाळ. गाडी सीटपर्यंत बसली, सर गुडघ्यापर्यंत रुतले. बॅग डोक्यावर धरून उभे, आणि पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "झाडू, माझा निष्कर्ष राह्यला होता." तितक्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडणारी एक बाई आमच्याकडं वल्हवत आली. मनकर्णाबाई तिचं नाव, ती बोडी तिनं शिंगाड्यासाठी घेतलेली. "कोनाचा रे तू? डोरे फुटले का तुये? आख्खा वेल बुडवला ना माया!" मी म्हटलं, बाई, सरांची घंटीची प्रॅक्टिस चालू होती. ती सरांकडं वळून म्हणाली, "याले दवाखान्यात नेऊन राह्यला का तुमी?"

सर हलेनात. ओढलं की अजून रुतायचे. घड्याळात अकरा वाजून गेलेले. बाई म्हणाली, दोर आणते, तू जाय फोन कर ज्याले करायचा त्याले. मी गावात पळालो, किराणा दुकानात एस.टी.डी. होता, तिथून गडचिरोलीच्या त्या कॉलेजाला फोन लावला. सर उशिरा येतील, त्यांचा नंबर शेवटी ठेवा, एवढंच सांगायचं होतं. पण फोन उचलला चर्चासत्राच्या अध्यक्षांनी, जे पुण्याहून आलेले होते आणि नेमके तेव्हाच ऑफिसात चहा प्यायला बसले होते. लाइन खरखरत होती. आमचं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझी चूक किती आणि त्यांची किती हे तुम्हीच ठरवा.

"हॅलो, मी झाडू बोलून राह्यलो. कोडापे सरायचं सांगाचं होतं. सर बोडीत आहेत."

"काय? बॉडी?"

"हो जी, बोडीत. गाडीबी बोडीतच आहे."

"गाडीत बॉडी आहे?"

"नाई जी, बोडीत गाडी आहे. सरायले भायेर काढून राह्यलो, दोर आनाले गेली बाई."

"अरेरे! ओळख पटली का?"

"वळख कायची जी? घरचेच आहेत."

"तुम्ही नातेवाईक का? फार वाईट झालं हो."

"वाईट तं झालंच. पेपर राह्यला ना त्यायचा."

"पेपरचं काय घेऊन बसलात आता! घरी कळवलं?"

"घरी नोका कळवू जी, बायको भरल्या दिवसाची आहे. कपडे वाळले का सर सोता..."

इथं लाइन कटली. मी मनात म्हटलं, काय देवमाणूस आहे, किती आपुलकीनं विचारते.

परत आलो तर मनकर्णाबाईनं दोर सरांच्या काखेतून घालून, त्याच म्हशींपैकी एकीला बांधून त्यांना बाहेर ओढलेलं होतं. बूट एक आत राहिला. घरी नेऊन तिनं नवऱ्याची लुंगी आणि बंडी दिली, पायाच्या जळवा मीठ टाकून पाडल्या, आणि गरम पेज पाजली. पेपराचा लगदा झाला होता. पारदर्शिका मात्र शाबूत, पुसल्या की झालं. मग धानाच्या मॅटाडोरवर पोत्यांवर बसून आम्ही गडचिरोलीला आलो. सर वाटभर एकच विचारत होते, झाडू, ते नंबर शेवटी ठेवतो म्हणाले ना? मी म्हटलं, सर, तुमच्यासाठी त्यायचा गळा दाटून आला होता.

हॉलमध्ये शिरलो तर सगळे उभे. माना खाली, एकदम शांत. सरांना शिस्तीची सवय, दारातच मान खाली घालून उभे राहिले. मीही राहिलो. मध्येच सरांनी बाजूच्या मास्तराला हळूच विचारलं, कोण गेलं? तो मान वर न करता म्हणाला, "कोडापे म्हणून होते, चंद्रपूरचे. चांगला माणूस होता म्हणतात." सर म्हणाले, "अरेरे." मामा, देवाशपथ, आपल्याच जाण्यावर "अरेरे" म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग मौन संपलं, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि सरांनी फळा वाचला. "प्रा. वारलू कोडापे यांचे अपघाती निधन. भावपूर्ण श्रद्धांजली." सर त्या फळ्याकडं पाहतच राहिले. मग मला इतकंच म्हणाले, "दीपिकाले कोनं सांगितलं तं नसंल ना?" आणि तेव्हा मात्र मामा, माझेही पाय गाळात रुतले.

सांगितलेलं होतं. अध्यक्षांनी लगेच चंद्रपूरच्या कॉलेजाला कळवलं, कॉलेजानं सोनीबाईला. (कॉलेजानं सुट्टीही देऊन टाकली. सरांची जी फाइल चार वर्षं टेबलावरून हलली नव्हती, ती दुपारच्या आत "निधनामुळे प्रकरण बंद" असा शेरा घेऊन खाली आली. सरांनी तिकडंही फोन केला तर क्लार्क म्हणाला, सर, जिवंत आहात तर आनंद आहे, पण सोमवारी समितीआधी लेखी द्या.)

आता तुम्हाला वाटेल, माणूस जिवंत आला तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल. चहा दिला. पेपर वाचायचं म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, तुमच्या शोकसभेत चाळीस मिनिटं गेली, आता वेळ उरलेला नाही. पाच जण सरांवर बोलले होते, त्यातला एकही सरांना कधी भेटलेला नव्हता. शिवाय श्रद्धांजलीचा ठराव एकमतानं मंजूर झालेला. तो रद्द केल्याशिवाय कार्यक्रमपत्रिकेत सरांचं नाव परत घालता येत नाही, आणि रद्द करायला सूचक आणि अनुमोदक पाहिजेत. मी म्हटलं मी होतो सूचक, तर म्हणाले तुम्ही प्रतिनिधी नाही. सर त्या खांबाशी उभे होते तसेच उभे. मला वाटलं, झालं, गेला सोमवार, गेली वरिष्ठ श्रेणी, आणि आता हा माणूस घरी जाऊन करपलेला भात खाणार. तेवढ्यात मागून एक शिरीन मॅडम उठल्या, ब्रह्मपुरीकडच्या. म्हणाल्या, "मानूस समोर उभा आहे, लुंगीतून पानी गळून राह्यलं, अन् तुमाले ठराव पायजे? लिवा, सूचक मी." मग हशा झाला, आणि हशात अनुमोदक सापडला. पाच मिनिटं दिली. अध्यक्षांनी घंटी जवळ ओढून ठेवली, मशिनीला लागूनच.

पेपर तर नव्हताच. सरांनी एक पारदर्शिका घेतली, मशिनीवर ठेवली, पेन घेतलं आणि लिहिलं, बोडी. त्याच्या बाजूला लिहिलं, बॉडी. म्हणाले, दोघांत फरक एका चंद्राचा आहे, आणि त्या चंद्रावरून आज मी मेलो. सगळे हसले. अध्यक्षही हसले, जरा उशिरा. तलावाचं पोर म्हणजे बोडी, असं सरांनी त्यांना समजावलं. आणि तेवढ्यात भिंतीवर एक काळी, हातभर जाड वस्तू हलायला लागली. "बोडी"च्या खालून निघाली आणि वळवळत "बॉडी"कडं चालली. जळू होती, मामा. पारदर्शिकेला चिकटून आलेली एक बारकी जळू, पण त्या मशिनीनं तिला अजगर केलं. पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. अध्यक्षांनी पाय खुर्चीवर घेतले. ती मशिनीवरून उतरली आणि टेबलावर, घंटीच्या दांडीपाशी जाऊन बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, घंटीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. सर बोलतच राहिले. भाजी, पार, सांदवाडी म्हणजे घरामागची परसबाग, असा एकेक शब्द घेऊन, आपल्या मायच्या बोलीत, न अडखळता, निष्कर्षासकट. इतका वेळ सलग बोललेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. (गोंडांच्या रिवाजानं मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, आणि दीपिकाच्या सोयरिकीच्या वेळी मी सिरोंच्याकडं भटकत होतो, हे माय अजून ऐकवते. आज पहिल्यांदा वाटलं, भटकलो ते बरंच केलं.)

राहिलं सर्टिफिकेट. जिवंत माणसाला ते उद्या दुसऱ्या दिवसाच्या हजेरीनंतर मिळते, पण मेलेल्याचं घरी पाठवायला म्हणून आजच लिहून तयार होतं. "प्रा." छापलेलंच असते, पुढं क्लार्कनं लिहिलेलं, "कै. वारलू कोडापे". दुसरा कोरा कागद नाही, छापले तितके संपले. खाडाखोड समितीला चालत नाही. सर पुन्हा खांबाला टेकले. पण चर्चासत्राचे संयोजक बापूजी सर मोठे हुशार. त्यांनी ब्लेड घेतलं आणि "कै"वरची एक मात्रा, एकच, अलगद खरवडली. आता ते झालं "प्रा. के. वारलू कोडापे". सिरोंच्याकडचे लोक आडनावाचं अक्षर आधी लावतात ना, तसं दिसते. उद्या सही झाली की सर ते घेऊन रात्रीच्या बसनं निघतील. एका चंद्रानं मारलं, एक मात्रा गेली तर उठवलं. मराठीत मी दोनदा नापास काऊन झालो, हे आज कळलं.

तर मामा, रडणं थांबवा, दीपिकाला पाणी पाजा, आणि सोनीबाईला सांगा की रिसीव्हर जागेवर ठेव. सर इथं थांबून राह्यले, नाहीतर स्वतःच आले असते. मोठ्यांना जोहार, लहानांना माझा जीव.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
झाडू

ता.क. मी स्वतः पत्र घेऊन काऊन नाई आलो, असं तुमच्या मनात येईल. मनकर्णाबाईला शब्द दिला आहे, उद्या उजाडताच बोडीवर परत जायचं आहे. गाडी अजून आतच आहे. ट्रॅक्टर उतरवला तर उरलेला वेल मरेल, म्हणून शिंगाडे काढून झाल्याशिवाय ती ट्रॅक्टर उतरू देत नाही. माणसं जास्त असली तर काम लवकर होईल. माय सांगते, लहानपणी तुमच्यासारखे शिंगाडे कोणी काढत नव्हतं. गुडघ्याला थंड पाणी चांगलं असते म्हणतात.

ता.क. दुसरा. परवा संध्याकाळी मी तुमची जीप रईस मिस्त्रीकडं ब्रेकसाठी नेतो म्हणून घेऊन गेलो होतो. ब्रेक चांगले आहेत. सर पेपरात इतके बुडालेले की त्यांनी जीप ओळखलीच नाही. रईस मिस्त्रीला काही विचारू नका, त्याला जीपबद्दल काहीच माहीत नाही. भला माणूस कोण, ते आता तुमच्या ध्यानात आलंच असेल.

ता.क. तिसरा. पत्र दीपिकाच्या हातात द्या, मोठ्यानं वाचून दाखवू नका, नाहीतर तुम्ही तो शब्द म्हणाल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पत्र घेऊन येणारे इब्राहीमभाऊ चंद्रपूरचे, सायकलच्या सामानाचे व्यापारी, आज मोटरसायकलनं थेट तुमच्या घुग्घुसला चालले. त्यांना मी आतलं काही सांगितलं नाही, फक्त इतकंच की मामाची जीप बोडीत आहे. आत्ताच गाडीला किक मारून त्यांनी विचारलं, "जीप में बॉडी किसकी है?" मी सांगून राह्यलो, पण त्यांच्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला आहे.